मार्ट बंद असलेला रविवार



दक्षिण कोरियात मोठ्या मार्टना महिन्यातले दोन दिवस दुकान बंद ठेवावं लागतं. 2012 साली तिथे तसा नियम आला. ई-मार्ट असो, होमप्लस असो, लोट्टे मार्ट असो, दोन दिवस शटर खाली. दिवस कोणते, ते तिथलं स्थानिक प्रशासन ठरवतं, आणि बहुतेक ठिकाणी दुसरा आणि चौथा रविवार ठरला. शिवाय मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतही मार्ट उघडं ठेवायचं नाही. हेतू सरळ आहे, जुने बाजार आणि गल्लीतली दुकानं टिकावीत.

सेशनमध्ये हे सांगितलं की हमखास कोणीतरी म्हणतं, "सर, आपल्याकडे पण असा कायदा पाहिजे!" पाहिजे की नको ते नंतर बघू. असा एक रविवार मी स्वतः तिथे काढलाय, आधी तो सांगतो.

2016 ची गोष्ट. बीबीए करून नोकरीला लागलो होतो आणि कंपनीने तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी सोलला पाठवलं होतं. मनमाडचं किराणा-जनरलचं दुकान तेव्हा पप्पा बघायचे. मी हापजोंग भागात एका गोशिवॉनमध्ये राहायचो. गोशिवॉन म्हणजे पलंग आणि टेबल मावेल एवढीशी भाड्याची खोली. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे. त्यामुळे शनिवार-रविवारी खोलीत बसणं शक्यच नव्हतं.

त्या शनिवारी ट्रेनिंगमधला कोल्हापूरचा एक मित्र आणि मी ग्वांगजांग बाजारात गेलो. हा बाजार 1905 चा. त्या काळात जपान्यांचा कोरियावरचा पगडा वाढत चालला होता, जुना नामदेमुन बाजारही त्यांच्या हातात जायला लागला होता. तेव्हा कोरियन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन, स्वतःची कंपनी काढून हा बाजार उभा केला. त्याच वर्षी इकडे पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली होती. योगायोग आहे, पण मला आवडतो.

आत शिरलात की पहिल्यांदा वास येतो तो तेलात तळल्या जाणाऱ्या मुगाचा. मूग भिजवायचे, जात्यावर वाटायचे, त्यात मोड आलेले मूग आणि भाजी घालून जाडजूड धिरडं तळायचं. त्याला ते बिनदेत्तोक म्हणतात. ओट्यावर जातं फिरत असतं, पीठ तुमच्यासमोर पडतं, धिरडं तुमच्यासमोर पलटतं. पाच हजार वॉनच्या आत एक, म्हणजे तेव्हाचे तीनशेच्या आत रुपये. आणि वाढणाऱ्या बाईला सगळे हाक मारतात "इमो!" इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आपल्या मेसमध्ये मारतो तीच हाक. कोल्हापूरकर तर तिथेच खूश झाला.

एक गोष्ट तिथे डोक्यात बसली. एका ओळीत धिरड्याचे दहा-बारा ठेले, सगळ्यांचा माल एकच, आणि तरी सगळे भरलेले. आपल्याकडे शेजारी तोच धंदा सुरू केला की बोलणं बंद होतं. तिथे मात्र लोक "धिरडं खायचं तर ग्वांगजांगला" असं म्हणून येतात. म्हणजे गिऱ्हाईक आधी बाजाराचं असतं, मग ठेल्याचं.

रात्री घरी फोन केला. पप्पांना बाजाराचं वर्णन सांगत होतो. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं आहे. पण तू परत आलास तरी दुकानासाठी येऊ नको. लोक पगार झाला की रविवारी नाशिकला जातात, डी-मार्टमधून महिन्याचं भरून आणतात. आपल्याकडे राहतं ते उधारीचं गिऱ्हाईक." आवाजात चिडचिड नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचं सामान आणायला हापजोंगच्या होमप्लसला गेलो. शटर खाली, त्यावर नोटीस. दुसरा रविवार होता. एक म्हातारी माझ्यासारखीच पिशवी घेऊन आली, नोटीस बघितली आणि वळून चालायला लागली. आम्ही तिच्या मागे. एकच मेट्रो स्टेशन पुढे मांगवॉन बाजार आहे, चालत गेलं तरी फार वेळ लागत नाही.

मांगवॉन हा टुरिस्टांसाठी सजवलेला बाजार नाही. एक लांब गल्ली, वर छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानं. भाजी प्लास्टिकच्या टोपल्यांत मांडलेली, प्रत्येक टोपलीवर पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर जाड मार्करने किंमत. हा सरळ आपला वाटा! आठवडे बाजारात आज्जी जसा कांद्याचा, मिरच्यांचा वाटा लावून बसते तसा. फरक एवढाच की भाव लिहिलेला होता, त्यामुळे मला भाषा येत नसूनही काही अडलं नाही. मी काकड्यांची टोपली घेतली आणि विकणाऱ्या बाईने वरून दोन काकड्या टाकल्या. ह्या वरच्या मालाला त्यांच्याकडे शब्दच आहे, 'दॉम'. आपण भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मागतो, तेच.

खरी गंमत पुढच्या दुकानात होती. तिथे फक्त बानचान मिळत होतं, म्हणजे जेवणात लावायची तोंडीलावणी. मुरवलेला कोबी, तिळाच्या तेलातला पालक, सोया सॉसमध्ये शिजवलेले बटाटे, सुकवलेले छोटे मासे. छोट्या छोट्या डब्यांत. कोणतेही तीन डबे घ्या, एकच भाव. अर्धा तास मी समोर उभा राहून कोण काय घेतंय ते बघत होतो (सवय जात नाही). ऑफिसला जाणारी एकटी पोरं-पोरी तीन डबे घेऊन जात होत्या. एक आजोबा आले, त्यांनी एकच डबा घेतला, दुकानदारीणबाईंनी न विचारता तो कापून दोन भागांत भरून दिला. बहुधा रोजचं गिऱ्हाईक. मार्टमध्ये मोठं पाकीट स्वस्त पडतं हे खरं आहे, पण एकट्या माणसाला मोठं पाकीट नकोच असतं.

सोमवारी ट्रेनरना हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "त्या बाजाराची आणि त्या होमप्लसची गोष्ट तुला माहिती आहे का?"

ती गोष्ट अशी. हापजोंगला होमप्लस येणार हे कळल्यावर मांगवॉनचे दुकानदार रस्त्यावर उतरले. आंदोलन बरेच महिने चाललं. शेवटी 2013 साली समझोता झाला आणि मार्ट उघडलं. पण एका अटीवर. बाजारात ज्यांचा खप चांगला आहे अशा ठरावीक 15 वस्तू होमप्लसने विकायच्या नाहीत.

आता ह्यात मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगतो. समझोता झाला ते सोडा. ती यादी बनवताना दुकानदारांना बसून ठरवावं लागलं असणार की आपलं नक्की काय आहे. हजार वस्तूंमधून 15. "सगळंच आमचं" असं म्हणून टेबलावर बसता येत नाही.

कायद्याचं पुढे काय झालं तेही बघा. मार्टवाले कोर्टात गेले, पण नियम टिकला. 2018 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानेही तो वैध ठरवला. मात्र मधल्या काळात लोक मोबाईलवर खरेदी करायला लागले. कूपांग नावाच्या कंपनीने 2014 पासून झटपट डिलिव्हरी सुरू केली होती. आता रविवारी मार्ट बंद असलं तर गिऱ्हाईक बाजारात जाईलच असं नाही, घरात बसून ऑर्डर टाकतं. 2023 मध्ये देगू शहराने सुट्टी रविवारवरून सोमवारवर नेली, 2024 मध्ये सोलच्या सोचो भागानेही ती मधल्या वारावर ढकलली. आणि ज्या होमप्लसविरुद्ध एवढं आंदोलन झालं, ती कंपनीच 2025 च्या मार्चमध्ये आर्थिक अडचणीमुळे कोर्टाच्या देखरेखीखाली गेली. त्याआधी 2006 मध्ये वॉलमार्ट आपली 16 दुकानं ई-मार्टच्या मालकांना विकून कोरियातून बाहेर पडलं होतं, कारफूरही त्याच वर्षी गेलं. म्हणजे मोठे कायमचे मोठे राहतात असंही नाही. पण म्हणून कोणी त्यांच्या पडण्याची वाट बघत बसू नये, तोवर आपलं भाडं थकतं.

माझं मत विचाराल तर असा कायदा आपल्याकडे आला तर मी विरोध करणार नाही. दोन रविवार मिळाले तर घेईन. पण त्या भरवशावर दुकान टाकू नका. मार्ट बंद होतं म्हणून मी मांगवॉनला गेलो हे खरं. त्यानंतरचे रविवार मार्ट उघडं असतानाही मी तिथेच गेलो, ते त्या तीन डब्यांमुळे.

2017 ला नोकरी सोडून मनमाडला आलो. पप्पांनी नको म्हटलं होतं तरी. पहिले दोन महिने माल वाढवला नाही, रंग दिला नाही, काहीच केलं नाही. एक वही केली. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाने काय नेलं आणि ते त्याला नाशिकहून का आणता आलं नसतं, एवढंच लिहायचं. पप्पा हसायचे.

वहीतून काय निघालं? आमच्या गावात अनेक वर्षं उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचं. पाणी येणार म्हणून कळलं की त्याच संध्याकाळी नळी, तोटी, झाकणाचा ड्रम लागतो. रविवारची वाट बघून चालत नाही. रेल्वेच्या माणसाची ड्युटी पहाटे लागते, त्याला आदल्या रात्री नऊला टिकणारा खाऊ छोट्या पाकिटात हवा असतो. आखाजीच्या आधीचे चार दिवस पूजेचं सगळं सामान एका पिशवीत बांधून तयार हवं असतं. कुरडयांच्या दिवसांत सोऱ्याची एखादी चकती हरवते, सुटी चकती मार्टमध्ये मिळत नाही. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पावशेर डाळ, शंभर ग्रॅम रवा हवा असतो, तो तोंड वाकडं न करता देणारा कोणीतरी हवा असतो.

अशा 15 वस्तू काढायच्या ठरवलं होतं, निघाल्या 11. साखर, तेल, साबण त्यात बसत नाहीत. ते मी ठेवतो, पण त्यावर कमाईचा विचार करत नाही. दर दिवाळीनंतर वही पुन्हा काढतो. मागच्या वेळी दोन वस्तू खोडल्या, त्या आता ऑनलाइन माझ्या खरेदीपेक्षाही स्वस्त येतात. एक नवीन चढली, घरगुती चटण्या आणि लोणची, पन्नास ग्रॅमच्या डब्यांत, कोणतेही तीन एका भावात. आमच्याच गल्लीतल्या दोन ताई करून देतात. सध्या यादी दहावर आहे.