दर दोन मिनिटांनी एक चमचा

उलटी व्हायच्या आधीचे काही सेकंद कुणी नीट बघत नाही. बघणार तरी कसं? तेवढ्यात आपली दुपटं शोधायची धावपळ चाललेली असते. पण पुढच्या वेळी लक्ष ठेवा. खेळतं बाळ एकदम गप्प होतं, चेहरा पांढुरका पडतो आणि हनुवटीवरून लाळ ओघळायला लागते. पोट बिघडलेलं असताना तोंडाला पाणी का सुटावं? कारण ही लाळ जेवणासाठी नसतेच. थोड्याच वेळात जठरातलं आम्ल वर येणार आहे. त्यानं तोंड आणि अन्ननलिका पोळू नयेत म्हणून शरीरानं ती वाट आधीच ओली करून ठेवली आहे!

म्हणजे उलटी हा गोंधळ नाही. ती क्रमवार पार पडणारी मोहीम आहे. लाळ सुटते तोवर आत लहान आतड्यात एक जोरकस लाट उठलेली असते, तीही उलट्या दिशेनं. आतड्यातलं पाणी ती जठरात आणून सोडते. हे पाणी आम्लाची धार थोडी बोथट करतं. मग श्वास थांबतो. श्वासनलिकेचं तोंड मिटतं, म्हणजे वर येणारा थेंब फुप्फुसाकडे वळायला नको. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा खाली रेटतो, पोटाचे स्नायू आत दाबतात आणि या दोघांच्या मध्ये सापडलेलं जठर रिकामं होतं. खुद्द जठर या साऱ्यात जवळजवळ काहीच करत नाही, ते सैल पडून असतं. जोर लागतो तो पोटाच्या भिंतीचा, म्हणून उलटीच्या वेळी बाळाचं अख्खं अंग ताणलं जातं.

ज्या जिवाला अजून धड बसता येत नाही, खुळखुळा धरायला गेलं तर नेम चुकतो, त्याला ही एवढी नेमकी कवायत शिकवली कुणी? कुणीच नाही. जन्माला येतानाच तो ती घेऊन येतो.

इथेच गुळणी आणि उलटी यांतला फरक कळतो. दूध पिऊन झाल्यावर बाळ हसत हसत ओठाच्या कडेनं थोडं दूध बाहेर टाकतं, ती गुळणी. तिच्यात ना लाळ, ना ताण, ना पोटाचा जोर. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी स्नायूंचं एक कडं असतं, ते या वयात अधूनमधून सैल पडतं आणि दूध परत वर येतं, इतकंच. चौथ्या महिन्याच्या आसपास हे प्रकरण ऐन भरात असतं आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं आपोआप थांबतं. वजन वाढतंय, बाळ मजेत आहे, तर खांद्यावर फडकं टाकावं आणि आपलं काम करावं. ढेकर काढताना अंगावर येणारं दूध डोळ्यांना फार दिसतं, पण प्रत्यक्षात ते किती कमी असतं हे बघायचं असेल तर दोन चमचे दूध दुपट्यावर सांडून बघा. डाग बघून चकित व्हाल.

खऱ्या उलटीचा हुकूम मात्र मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या अंगाला, एक चिमुकली जागा आहे. बाकीच्या मेंदूभोवती रक्तातली नको ती द्रव्यं अडवणारा कडक पहारा असतो. इथे तो पहारा मुद्दाम ढिला ठेवलेला आहे. का? म्हणजे या जागेला रक्ताची चव घेता यावी! रक्तात काही विषारी उतरलंय अशी शंका आली की ती उलटीचा इशारा देते. दुसरी बातमी येते ती थेट आतड्यातून. रोटाव्हायरस हा लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांमागचा नामांकित गुन्हेगार. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा तो सापडला. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या काही खास पेशींना डिवचतो, त्या सिरोटोनिन सोडतात आणि ती खबर एका लांबलचक मज्जातंतूवरून मेंदूपर्यंत जाते. मनाच्या आनंदाशी आपण ज्याचं नाव जोडतो तेच हे सिरोटोनिन. शरीरातला त्याचा बहुतेक साठा डोक्यात नसून आतड्यात असतो! डॉक्टर कधी कधी उलटी थांबवायला जे औषध देतात ते हीच खबर वाटेत अडवतं. ते केव्हा आणि किती द्यायचं हे मात्र बाळाच्या वजनावर ठरतं. मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रीजमधून काढून द्यायचं ते औषध नव्हे.

आता खरा प्रश्न. उलटी इतकी शहाणी असेल तर घाबरायचं कशाला? पाण्यासाठी. नवजात बाळाच्या वजनाचा सुमारे ७५ टक्के भाग पाणी असतो, मोठ्या माणसाचा साधारण ६० टक्के. शिवाय वजनाच्या मानानं बाळाची कातडी जास्त, श्वास भरभर, आणि तहान लागली तर माठापर्यंत जायची सोय नाही. सात किलोच्या बाळाच्या अंगातून साडेतीनशे मिली पाणी गेलं, म्हणजे जेमतेम दोन पेले, तरी त्याचं पाच टक्के वजन उतरलं. तेवढ्यात ते मलूल दिसायला लागतं. दुप्पट गेलं तर जिवावर बेततं.

मग आपण काय करतो? घाईघाईनं वाटीभर पाणी पाजतो. बाळ तहानलेलं असतं, गटागटा पितं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर! आपण म्हणतो, पोटात काही ठरतच नाही. पण चिडलेलं जठर एकदम ताणलं गेलं की तो ताणच पुढच्या उलटीला निमंत्रण देतो. आता तेच पाणी चमच्यानं द्या. पाच मिलीचा एक चमचा, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा एक चमचा. एवढंसं पाणी जठराच्या लक्षातही येत नाही, ते गुपचूप पुढे आतड्यात सरकतं.

आणि हे किती होतं? तासाला तीस चमचे, दीडशे मिली. चार तासांत सहाशे. पाणी कमी झालेल्या बाळाला पहिल्या चार तासांत दर किलोमागे ७५ मिली द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सात किलोच्या बाळाला ते होतं ५२५. म्हणजे आईच्या हातातला चमचा शास्त्रानं ठरवलेला हिशोब पुरा करून वर थोडं शिल्लक ठेवतो! मध्ये उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबायचं आणि जरा सावकाश पुन्हा सुरू करायचं. झालेल्या उलटीत सगळंच गेलं असं समजू नका, काही चमचे तोवर निसटून पुढे पोचलेले असतात.

पण चमच्यात साधं पाणी असून भागत नाही. याचं कारण आतड्याच्या भिंतीत आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सर्वांत थक्क करणारा भाग हाच. आतडं पाण्याला हाताला धरून आत ओढू शकत नाही. मीठ आत गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. मग मीठ आत कसं जातं? भिंतीतल्या पेशींवर प्रथिनांची अतिसूक्ष्म वाहनं उभी असतात आणि त्यांचा खाक्या स्टँडवरच्या शेअर रिक्षासारखा आहे. तीन सीट भरल्याशिवाय निघायचं नाही! दोन सीट सोडियमच्या, म्हणजे मिठातल्या, आणि एक ग्लुकोजची. नुसतं मिठाचं पाणी दिलंत तर दोन सीट भरतात आणि रिक्षा तिसऱ्याची वाट बघत तिथेच उभी राहते. ग्लुकोजचा एक कण येऊन बसला की निघाली! पाणी तिच्या मागोमाग. साखर भरमसाट घातली तर ग्लुकोजची गर्दी स्टँडवरच खोळंबते आणि ती गर्दी उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचून आणते. बाटलीबंद गोड पेयांनी जुलाब वाढतात ते यामुळे.

ही रिक्षा आधी कागदावर निघाली. ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना मांडली. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, किंवा उलट्यांच्या बाळाचा तिथे विषयही नव्हता. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजलं आणि शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. पटकी आतड्यातून धो धो पाणी बाहेर काढत असते, पण या रिक्षांना ती हात लावत नाही!

तरी मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. मीठ-साखरेच्या पाण्यानं माणूस वाचतो, हे जरा फारच सोपं वाटत होतं. मग १९७१ आलं. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगावात पटकी पसरली. कोलकात्याहून आलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबिस यांच्यापुढे दवाखान्याच्या जमिनीवर रुग्णच रुग्ण, आणि सलाईन संपत आलेलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मोजून मिश्रण करवून घेतलं, पिंपांत पाणी कालवलं आणि पाजायचं काम सोपवलं कुणाकडे? रुग्णांच्या नातेवाइकांकडे. आई, बहीण, नवरा, जो शेजारी बसला असेल तो. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांतून पाठ व्हायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

त्याच मिश्रणातून आली ही ओआरएसची पुडी. आजच्या पुडीत लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, जोडीला पोटॅशियम आणि सायट्रेट. मिठाचे आणि साखरेचे आकडे इतके लांब असताना आत सोडियम आणि ग्लुकोज यांच्या कणांची संख्या मात्र बरोब्बर सारखी होते. २००२ साली मीठ-साखर दोन्ही कमी करून हे सूत्र ठरवलं, तर उलट्याही जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्या! म्हणूनच मापाचा हट्ट. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान पुडी २०० मिलीत. अर्धी पुडी पेल्यात टाकून 'थोडं कडक' करायचं नाही, पातळही नाही, वरून चवीला साखरही नाही. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. खोक्यावर ओआरएससारखं काही लिहिलेलं फळांचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाला अशा पेयांच्या नावातून ती अक्षरं काढायला लावावी लागली.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र उलटीतही बंद करू नका. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा. कारण आई त्याच घरात, त्याच जंतूंमध्ये वावरत असते. तिच्या आतड्याला जंतूची ओळख पटली की तिथल्या संरक्षक पेशी प्रवास करत स्तनापर्यंत जातात आणि नेमक्या त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं दुधात उतरतात. घरात आलेल्या रोगाच्या नावानिशी तयार झालेलं औषध, तेही कोमट!

पाणी पुरतंय का, हे बाळाचं अंगच सांगतं. शू होतेय, रडताना डोळ्यांत पाणी येतंय, जीभ ओली आहे, तर चमचा चालू ठेवा. सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेले, टाळू खचली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाते, बाळ झोपाळलेलं आणि उठवलं तरी उठत नाही, असं असेल तर घरचं काम संपलं, दवाखाना गाठा. टाळू खचली म्हणून तिच्यावर तेल घालत बसणाऱ्या आज्यांची माया खरी, पण ती टाळू भरते आतून, पाण्यानं. उगाळलेलं जायफळ तर नकोच, त्यानं बाळ गुंगून पडतं आणि मग त्याची खरी ग्लानी ओळखू येत नाही.

काही उलट्यांना चमच्याचा उपाय नाही. हिरवी उलटी, म्हणजे पित्ताच्या हिरव्या रंगाची, आतडं कुठेतरी अडल्याची खूण असू शकते, तिथे सकाळची वाट बघायची नाही. रक्ताची उलटी, डोक्यावर पडल्यानंतरची उलटी, फुगून वर आलेली टाळू, दर काही मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, लाल जेलीसारखी शी, यांनाही तोच नियम. जन्मानंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रत्येक दूध पिचकारीसारखं लांब उडायला लागलं तर जठराचं पुढचं दार जाड होऊन अरुंद झालेलं असू शकतं. छोट्या शस्त्रक्रियेनं ते पूर्ण बरं होतं. आणि दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ वारंवार उलट्या करत असेल तर डॉक्टरांना आधी दाखवायचं, चमचे मोजायचे ते त्यांच्या सांगण्यानं.

रोटाव्हायरसला दारातच अडवायची सोयही आता आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे दिली जाणारी लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तिचा एक प्रकार पुण्यातच बनतो.

उलट्या थांबल्या की घरात वाद सुरू होतो, पोटाला आराम द्यायचा की खायला घालायचं? निकाल आतड्यानंच दिलेला आहे, खायला घालण्याच्या बाजूनं. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे विषाणूनं खरवडलेली भिंत आठवड्याच्या आत पुन्हा उभी राहते. त्या नव्या पेशी आपलं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच उचलतात. बाळ उपाशी राहिलं तर भिंत बांधणारेही उपाशी राहतात. तेव्हा सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ भात, मुगाचं वरण, कुस्करलेलं केळं त्याच दिवसापासून, घासघास. जुलाबही असतील तर डॉक्टर चौदा दिवस झिंक देतात, ते मधेच सोडू नका. आणि पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या. एरवी आजीनं 'अजून एक घास' म्हटलं की वैतागणाऱ्या सूनबाईंना या दोन आठवड्यांत आजीचं ऐकावं लागेल.