सुटलेल्या झेलाचा हिशेब
मैदानाचं गणित : भाग 7

जून 2025 मधली लीड्स कसोटी इंग्लंडने 5 गडी राखून जिंकली आणि खापर फुटलं यशस्वी जयस्वालवर. त्याच्याकडून चार झेल सुटले. पहिल्या डावात डकेट 11 वर वाचला आणि 62 करून गेला, पोप 60 वरून 106 पर्यंत पोचला, ब्रूक 82 वरून 99 पर्यंत. दुसऱ्या डावात पुन्हा डकेटच. 97 वर सुटला, 149 करून बाद झाला. जीवदानानंतरच्या धावांची बेरीज 166. आमच्या तळेऱ्याच्या एसटी स्टँडवर सगळी चर्चा होती त्या चौथ्या झेलाची. माझ्या मते महागात पडले ते पहिले तीन.

पहिल्या डावात इंग्लंडचे दहाही गडी 465 धावांत बाद झाले. म्हणजे अकराही जण खेळून गेले. डकेट लवकर परतला असता तर त्याच्या वाटच्या धावा करायला बारावा कोणी नव्हता. त्यामुळे त्या तीन झेलांनंतरच्या 114 धावा जवळजवळ पूर्ण किमतीने मोजाव्या लागतात. (त्या सगळ्या जयस्वालच्या नावावर मात्र नाहीत, डकेट 15 वर असताना जडेजाकडूनही सुटला होता.) दुसऱ्या डावात 371 चं लक्ष्य गाठलं तेव्हा इंग्लंडचे पाच गडी शिल्लक होते. डकेट 97 वर गेला असता, तर पुढच्या 52 धावांतल्या बऱ्याचशा मागच्यांनी केल्या असत्या. दडपण नक्की वाढलं असतं, पण 52 ही त्या झेलाची किंमत नव्हे. शिवाय आपले शेवटचे सात गडी पहिल्या डावात 41 धावांत आणि शेवटचे सहा दुसऱ्या डावात 31 धावांत गेले, तो हिशेब वेगळाच.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी हा प्रश्न फार आधी हाती घेतला. तिथे नऊ डावांत मिळून 27 गडी बाद करायचे असतात. चूक झाली की बहुतेक वेळा समोरच्याचा एक गडी फुकट वाचतो. पण बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स 1970 च्या दशकापासून सांगत आले की नुसत्या चुका मोजू नका. जो खेळाडू चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याच्या नावावर चूकही लागत नाही. मंद क्षेत्ररक्षक असा कागदावर निर्दोष राहतो. दुसरी गोष्ट गोलंदाजांची. त्यांनी फलंदाजांना चेंडूला बॅटच लावू दिली नाही, तर मागच्या कच्च्या हातांची परीक्षा कमी होते.

आपल्याकडे याची उलटी बाजू एकनाथ सोलकरने दाखवली. 27 कसोटींत 53 झेल, आणि फलंदाजीची सरासरी जेमतेम पंचविशीची. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट यांचे चेंडू बॅट-पॅडला लागून उडत ते शॉर्ट लेगलाच, आणि तिथे तो डोक्यावर काही न घालता उभा असे. 1971 मध्ये ओव्हलवर वेंकटच्या गोलंदाजीवर त्याने झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला, त्या डावात इंग्लंड 101 वर संपलं आणि वाडेकरच्या संघाने मालिका जिंकली. वेगवान माऱ्याच्या संघात याच सोलकरची एवढी किंमत झाली नसती.

आता आपल्या भाताच्या कुणग्यांतल्या सहा षटकांच्या टेनिस बॉल सामन्यांकडे या. इथे षटकं आधी संपतात, गडी उरतात. त्यामुळे साध्या फलंदाजाचा सुटलेला झेल आपण समजतो तेवढा महाग नसतो. मागचा पॅव्हेलियनमध्ये बसूनच राहतो. समोरच्या एकमेव फटकेबाजाचा सुटला तर गोष्ट वेगळी. खरं नुकसान करतो तो सीमारेषेवर उशिरा वाकणारा गडी, एकाच्या दोन देणारा, उगाच ओव्हरथ्रो करणारा. त्याची नोंद स्कोअरच्या वहीत होत नाही. कप्तानाने कच्चा खेळाडू लपवायचा असेल तर आपला गोलंदाज कुठे मारा करतो आणि फटके कुठे जातात, हे आधी पाहावं आणि मगच त्याला उभं करावं.