साखळी ‘ताणली’ जाते म्हणजे काय होते?

जुनी सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आलेला असतो. चेन सैल पडते, खडखडते, कधी चक्रावरून उतरते. मग मागचे चाक थोडे मागे ओढून घ्यायचे, नट आवळायचे, की काम भागते. ‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो. पण पायाच्या जोराने पोलादाच्या पट्ट्या खरोखर ताणल्या जातील का?

वर्गात करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगतो. नव्या सायकलच्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. इंचाच्या खुणा असलेली पट्टी घ्या आणि चेनचा वरचा भाग ताणून धरून एका जुन्या सायकलवर मोजा. सव्वाबारा इंच भरणारी चेनही सापडेल. आता त्या चेनची एक बाजूपट्टी मोजा. तिच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर अजूनही अर्धा इंचच आहे! मग जास्तीची लांबी आली कुठून?

ती सांध्यांतून आली. प्रत्येक सांध्यात एक पिन एका बुशमध्ये फिरते. धूळ आणि घर्षण यांमुळे पिन किंचित बारीक होते, बुशचे भोक किंचित मोठे होते आणि दोन कड्या तेवढ्या दूर सरकतात. एका सांध्यातली झीज डोळ्यांना दिसत नाही, पण शंभर सांध्यांची बेरीज दिसते. थोडक्यात, चेन ताणली जात नाही, झिजते.

सायकलच्या बाबतीत हा फरक शब्दापुरताच वाटेल. पण मोटारीच्या इंजिनात अशीच एक चेन असते, आणि तिथे या फरकाला फार किंमत आहे. तिला ‘टायमिंग चेन’ म्हणतात. चाके फिरवणे हे तिचे काम नव्हे. इंजिनाच्या झडपा नेमक्या क्षणी उघडाव्यात आणि मिटाव्यात, हे तिचे काम. ती इंजिनाचे घड्याळ सांभाळते असे म्हटले तरी चालेल.

उदाहरण म्हणून इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीचे ‘एक्सके’ इंजिन घेऊ. हे सहा सिलिंडरचे इंजिन १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आले आणि १९९२ पर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसवले जात होते. १९६१ ची प्रसिद्ध ‘ई-टाइप’ स्पोर्ट्‌स गाडी याच इंजिनावर धावली. आज हौशी लोक या गाड्या जतन करतात आणि ही इंजिने पुन्हा पुन्हा उघडली जातात.

चार फेऱ्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. हे गुणोत्तर एका चेननेही साधता आले असते : क्रँकवर २१ दात्यांचे चक्र, कॅमवर ४२ दात्यांचे. पण या चेनच्या कड्या ३/८ इंचाच्या, म्हणजे सुमारे ९.५ मि.मी.च्या आहेत. ४२ दात्यांच्या चक्राचा व्यास सुमारे १२७ मि.मी. झाला असता, आणि इथे तर शेजारी शेजारी दोन कॅमशाफ्ट आहेत. म्हणून दोन टप्पे केले. क्रँकचे २१ दाती चक्र खालच्या चेनने २८ दात्यांचे मधले चक्र फिरवते. त्याच्याच जोडीला असलेले २० दाती चक्र वरच्या चेनने ३० दात्यांची दोन कॅमचक्रे फिरवते. गुणाकार करा : २१/२८ × २०/३० = १/२. कॅमचक्राचा व्यास ९१ मि.मी.वर आला.

(जाता जाता : खालच्या चेनमध्ये ८२ कड्या आहेत. एखादी कडी क्रँकचक्राच्या त्याच दात्यावर पुन्हा केव्हा येईल? ८२ आणि २१ चा ल.सा.वि. काढा. क्रँकचे ८२ फेरे झाल्यावर! त्यामुळे एकच जोडी सारखी घासत नाही.)

आता झिजेकडे वळू. समजा खालच्या चेनच्या प्रत्येक सांध्यात फक्त ०.०२ मि.मी. झीज झाली आणि ओढ असलेल्या बाजूला १५ सांधे आहेत. ती बाजू ०.३ मि.मी.ने लांबली. क्रँकचक्राची त्रिज्या साधारण ३२ मि.मी.; तिच्यावर ०.३ मि.मी. म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त कोन झाला. झडपांना तेवढा उशीर होतो. वरच्या चेनची झीज वेगळी, आणि ती यात भर घालते. चेन इतकी सैल झाली की तिने एक दाताच सोडला, तर? ३० दाती चक्रावर एक दाता म्हणजे १२ अंश, क्रँकच्या हिशेबात २४. ई-टाइपमध्ये आत घेणारी झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या १५ अंश आधी उघडायची असते. ती मग ९ अंश नंतर उघडेल.

चेन सैल पडू नये म्हणून खालच्या टप्प्यावर ताण देणारे एक साधन असते. आत स्प्रिंग, तिच्या मदतीला इंजिनाच्या तेलाचा दाब आणि मागे सरकू न देणारा खटका, अशी त्याची रचना. इथे पुष्कळ लोक फसतात. हे साधन चेनच्या ढिल्या बाजूवर दाबते, त्यामुळे खडखडाट थांबतो. पण उशीर झाला आहे तो ओढीच्या बाजूच्या लांबीमुळे, आणि त्या बाजूला हे साधन काहीच करू शकत नाही. आवाज गेला, चूक राहिली.

म्हणून चेन बदलावी लागते, आणि ते काम सोपे नाही. खालच्या चेनपर्यंत पोहोचायला सिलिंडर हेड काढावे लागते, तळाचे तेलाचे भांडे काढावे लागते, मग पुढचे झाकण निघते. एवढे उघडल्यावर जुनी चक्रे तशीच ठेवणे ही खोटी काटकसर होय. लांबलेली चेन दात्यांवर वर चढून बसते आणि त्यांना आकड्यासारखे वाकडे झिजवते. त्यांच्यावर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते.

जुळणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट कोन लावण्याची. पुष्कळ इंजिनांत चक्रांवर ठिपके असतात, ते जुळवले की झाले. इथे मधले चक्र कसेही बसवले तरी चालते. पहिल्यांदा पुढच्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकाला आणतात. (जॅग्वारवाले सिलिंडर मागून मोजतात, म्हणून पुढचा तो सहावा.) वरच्या चेनला मधल्या विकेंद्री चक्राने ताण देतात, अगदी ताठ नाही, बाजूला किंचित लवचीकपणा उरेल इतका. मग प्रत्येक कॅमशाफ्टच्या खाचेत एक मापपट्टी बसवून तो नेमक्या कोनात उभा करतात. आता कॅम आणि चक्र यांची भोके जुळायला हवीत, पण ती जुळतीलच कशी? यासाठी चक्राच्या आत बारीक दात्यांची एक चकती असते. ती बाहेर काढून, हवी तेवढी फिरवून पुन्हा बसवता येते. तरीही जुळले नाही तर ती अर्धा फेरा उलटी करायची. बारीक दात्यांची संख्या विषम असेल, तर अर्ध्या फेऱ्याने अर्ध्या दात्याचा फरक पडतो. ३१ दाते घेऊन कागदावर काढून पाहा, लगेच पटेल.

चक्रे सुटलेली असताना क्रँक किंवा कॅम वेगळे फिरवायचे नाहीत, अशी या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सक्त सूचना आहे. झडपा तिरप्या बसवलेल्या आहेत. भलत्या वेळी उघडल्या तर त्या एकमेकींवर किंवा दट्ट्यावर आदळून वाकतात. कॅमचक्रांचे बोल्ट घट्ट करून त्यांची डोकी तारेने बांधली की पान्याने क्रँक हळूच दोन फेरे फिरवतात, नेहमी इंजिनाच्या चालण्याच्या दिशेनेच, म्हणजे सगळी ढिलाई ताणाच्या साधनाकडे जाते. कॅमचा एक फेरा पूर्ण होतो. मापपट्टी पुन्हा खाचेत घालून पाहतात. ती सहज बसली, तरच वरची झाकणे लावायची.