अटी लिहितानाच ठरणारी निविदा

सरकारी कामांच्या ठेक्यांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा शेवटच्या आकड्याकडे पाहतो: दर कुणाचा कमी, काम कुणाला मिळाले. गेल्या सहा दशकांचा मागोवा घेतला तर दिसते ते वेगळेच. मूल्यमापनातला निःपक्षपातीपणा लिफाफा उघडण्याच्या दिवशी जन्माला येत नाही. अटी कशा लिहिल्या, त्या सर्वांना सारख्या लावल्या का आणि नाकारलेल्याला कारण सांगितले का, यांवर तो ठरतो. याचा पहिला मोठा धडा पालघरच्याच किनाऱ्यावरचा आहे. तारापूर अणुवीज केंद्रासाठी 1960 मध्ये जागतिक निविदा मागवल्या गेल्या आणि काम अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे गेले. 1963 मध्ये भारत-अमेरिका करार झाला, 1969 मध्ये केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. या निवडीत पक्षपात झाला असे म्हणण्याला आधार नाही. सवलतीचे कर्ज आणि परवडणारी वीज ही खरी कारणे होती. पण अणुभट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम एकाच देशाकडून येणार होते. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यात अडथळे आले, 1978 च्या अमेरिकी कायद्याने ते वाढले आणि पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. बांधणीच्या किमतीइतकेच पुढच्या तीस वर्षांच्या अवलंबित्वालाही तराजूत वजन द्यावे लागते, हे तारापूरने शिकवले.

दुसरा धडा मुंबई विमानतळाचा. तिथले दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी 1977 मध्ये निविदा निघाली. नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालक आणि पाच वर्षांचा अनुभव, अशी अट होती. दरमहा 6,666.66 रुपयांचा देकार देणाऱ्याला ठेका मिळाला. त्याला कॅन्टीन चालवण्याचा अनुभव होता, पण तो अटीतला नोंदणीकृत हॉटेलचालक नव्हता. रमणा शेट्टी प्रकरणात 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिला स्वतःलाही बांधून ठेवते. याचिका उशिरा आल्याने ठेका मात्र रद्द झाला नाही. तिजोरीला पैसे चांगले मिळाले, मग बिघडले काय, असे कुणी विचारेल. अन्याय झाला तो अट वाचून ‘आपण यात बसत नाही’ म्हणून निविदाच न भरणाऱ्यांवर. त्यांचे नाव कुठल्याच तुलनात्मक तक्त्यात येत नाही, म्हणून त्यांचे नुकसान कुणाला दिसत नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. प्रत्येक नाराज ठेकेदार कोर्टात गेला तर पूल, रस्ते, नळयोजना वर्षानुवर्षे रखडतील. न्यायालयांनीही हे ओळखले आहे. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालात, न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासेल, तज्ज्ञांच्या जागी स्वतः बसणार नाही, अशी रेषा आखली गेली. 2016 च्या नागपूर मेट्रोच्या प्रकरणात, अटींचा अर्थ लावण्याचा पहिला मान त्या लिहिणाऱ्या संस्थेचा, असे ठरले. ही भूमिका रास्तच आहे. पण तिचाच दुसरा अर्थ असा की, न्यायालय जितके मागे सरते तितकी कार्यालयाची जबाबदारी वाढते. कारणे दडवून वेळ वाचत नाही, हे 2025 मध्ये शेजारच्या ठाणे जिल्ह्यात दिसले. घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या निविदांत लार्सन अँड टुब्रो अपात्र ठरली. आपला देकार दोन्ही मिळून सुमारे 3 हजार कोटींनी कमी होता आणि अपात्रतेची माहिती वेळेत दिली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारल्यावर निविदा काढणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) दोन्ही निविदा रद्द केल्या. सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्या पायरीवर आली.

सर्वांत कमी दर हाच एकमेव निःपक्ष निकष, असेही काही जण म्हणतात. त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी राहतो हे खरे. पण दर उघडण्याआधी पात्रता तपासणाऱ्या तांत्रिक लिफाफ्यातच स्पर्धक बाद झाले तर उरलेल्यांतला ‘सर्वांत कमी’ कमी असेलच असे नाही. डांबराचा प्लांट कामापासून ठरावीक अंतरात हवा, ही रस्त्याच्या निविदेतली अट घ्या. डांबर गरम असतानाच पसरावे लागते, म्हणून तिला आधार आहे. तेच अंतर कारण न देता आखडले, की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात एखादाच ठेकेदार पात्र उरतो. ई-निविदेने पेटी अडवण्याचे, फॉर्म न देण्याचे प्रकार थांबवले. अटीतला कल संगणकाला दिसत नाही.

हे धडे पालघरच्या निविदांनाही लागू आहेत. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला आणि 2021 मध्ये कोळगावचे मुख्यालय सुरू झाले. आठ तालुक्यांच्या कारभाराचे केंद्र आता इथे आहे. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत निविदा नाकारल्याचे कारण विचारल्यास सांगण्याची तरतूद आहे. कोळगावने त्याच्या पुढे जावे: प्रत्येक विशेष अटीमागचे कारण निविदेसोबतच प्रसिद्ध करावे, आणि तांत्रिक छाननीचा तक्ता, अपात्रतेच्या कारणांसह, आर्थिक लिफाफा उघडण्याआधी सर्वांसमोर ठेवून हरकतींना थोडक्या दिवसांची मुदत द्यावी. यात जाणारा आठवडा हा विलंब नव्हे. रद्द झालेल्या निविदेत जाणाऱ्या महिन्यांपुढे तो काहीच नाही. आणि ज्याला काम मिळाले नाही, त्याला पुढच्या वेळी पुन्हा निविदा भरावीशी वाटली पाहिजे. स्पर्धा त्याच्यामुळेच टिकते.