हंगाम जानेवारीत, इंटर्नशिप मे महिन्यात

तासगावच्या बागायतदाराचा पोरगा पुण्यात बसून इनकोटर्म्स पाठ करतो आणि त्याच आठवड्यात बापाचं द्राक्ष न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे दृश्य इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं. कारण परदेशी व्यापाराचं जे शिक्षण पोरगा फी भरून घेतो, त्याचा निम्मा भाग घरच्या बांधावर घडत असतो, आणि तो नेमका तेव्हाच घरी नसतो.

तासगावात शिकण्याची सुरुवात विद्यापीठापासून झालेली नाही. साठच्या दशकात श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’त इथले द्राक्षवाले एकत्र आले. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी शेतकऱ्यांना वेलीचं शरीरशास्त्र शिकवलं ते नोंदी ठेवायला लावून, एकमेकांची बाग बघायला लावून. याच मातीत बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडलं. वही घेऊन बागेत फिरायची सवय इथं तेव्हापासूनची, आणि पुढं निर्यातीत तीच कामी आली.

विद्यापीठं आपल्या गतीनं येत होती. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ साली, दिल्लीला विदेश व्यापार संस्था १९६३ साली. १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, १९९१ ला ‘महाग्रेप्स’ हा द्राक्ष निर्यातीचा संघ उभा राहिला आणि १९९२ ला सिंबायोसिसनं पुण्यात आंतरराष्ट्रीय व्यापाराची स्वतंत्र संस्था काढली. तीन-चार वर्षांत बंदर, संघ आणि वर्ग असं सगळं तयार झालं, पण त्यांची आपसात ओळख कुणी करून दिली नाही.

पॅकहाऊसमध्ये एकदा तरी उभं राहावं. पहाटे काढलेले घड क्रेटमधून येतात, बायका कात्रीनं फुटका, बारका मणी छाटतात, पाचशे ग्रॅमचे दहा पनेट एका पेटीत बसतात, वर गंधकाचा कागद पडतो आणि माल प्रीकूलिंगला जातो. हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे फाईल. प्लॉटची कृषी खात्याकडची नोंदणी, औषध फवारणीची वही, फळात उरलेल्या औषधाचा म्हणजे रेसिड्यूचा रिपोर्ट, ॲगमार्क, रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला म्हणजे फायटो. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या नोंदणी प्रणालीमुळं पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. पुस्तकात लेटर ऑफ क्रेडिटवर अख्खं प्रकरण असतं, इथं बराचसा माल कन्साइनमेंटवर जातो. म्हणजे भाव ठरतो तो तिकडं पोचल्यावर, आणि खर्च-कमिशन वजा जाऊन जे उरेल ते आपलं. ही पद्धत समजायला विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घ्यावी लागते. मग चार ओळींत सगळं कळतं, राग पण येतो.

आणि २०१०. त्या एप्रिलमध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईड सापडलं. बागायतदारांच्या तोंडी ते सीसीसी. खरड छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ रोखायला, काडीत घड धरायला ते सर्रास वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोमागं ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या यादीत हे रसायन तपासायला नव्हतंच. त्यामुळं कागदोपत्री स्वच्छ असलेला माल तिथं अडकला. कंटेनर पडून राहिले, पैसे बुडाले, कर्जं थकली. पुढं चाचणीच्या यादीत सीसीसी आलं. ‘नॉन-टॅरिफ बॅरियर’ हा शब्द परीक्षेत पाच मार्कांना असतो. त्या साली तो सावळज-मणेराजुरीच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या घरात शिरला होता. त्या दिवसांत एखादा विद्यार्थी नुसता निर्यातदाराच्या ऑफिसात फोन उचलायला बसला असता, तरी त्याला दोन सेमिस्टरचं शिक्षण मिळालं असतं.

पण तो बसणार कसा? युरोपचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. इंटर्नशिप मे-जूनमध्ये, परीक्षा संपल्यावर. मागं वळून पाहिलं तर सगळी मोठी संकटं याच चार महिन्यांत आलीत. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, तेव्हा माल वेलीवर होता. कितीतरी जणांनी तो रॅकवर टाकून बेदाणा केला. मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. २०२४ चा हंगाम सुरू होताना तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दोनेक आठवडे वाढले, भाडी भडकली. नाजूक फळाला दोन आठवडे म्हणजे जन्मठेप. प्रत्येक वेळी पोरगा मे महिन्यात बॅग घेऊन आला तेव्हा पॅकहाऊस धुऊन बंद केलेलं होतं. मग त्याला एक्सेलच्या शीट भरायला दिल्या, आणि प्रकल्प अहवालात ‘स्वॉट ॲनालिसिस’ आलं.

त्यातल्या त्यात मे महिन्यात हाताला लागतो तो बेदाणा. द्रावणात बुडवलेली द्राक्षं रॅकवर सुकून पंधरा-वीस दिवसांत तयार होतात, मग कोल्ड स्टोरेजला जातात आणि सौदे वर्षभर चालतात. २०१६ ला सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तासगावच्या सौद्यात व्यापारी मूठभर माल उचलतो, बोटांत चोळतो, एक दाणा तोंडात टाकतो आणि रंगावर बोली लावतो. सौद्यात होणारी बेदाण्याची उधळण आणि वजनातली तूट ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. पोरांनी हिशेबाला हात घालावा तो इथं. एका दिवसाच्या सौद्यात उधळणीत किती जातं हे तराजूवर मोजून दाखवणारा अहवाल मला अजून वाचायला मिळालेला नाही. मिळाला तर मी तो शंभर स्वॉटपेक्षा वर ठेवीन.

नव्या शैक्षणिक धोरणानं २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आणलं, चार श्रेयांकांचं. दुसरं सत्र म्हणजे हंगामच. वेळापत्रक पहिल्यांदा वेलीशी जुळलं, पण अडचण पुढं आहे. फेब्रुवारीत पॅकहाऊसवाल्याला जेवायला फुरसत नसते, तो नवख्याला फायटोचा अर्ज शिकवत कधी बसणार? त्यामुळं पोरांना तिथं पाठवायचं तर ऑक्टोबर छाटणीपासून पाठवावं. प्लॉट नोंदणी, फवारणीची वही, नमुना घ्यायला येणारा माणूस, हे सगळं संथपणे बघू द्यावं. जानेवारीत मग पोरगा ओझं नसतो, फाईल त्याच्याच हातची असते. कॉलेजला हे दोन सत्रांत विभागून द्यावं लागेल, आणि हजेरीचा नियम थोडा वाकवावा लागेल.