जबड्यातील सौम्य अर्बुदे : निदान, चिकित्सा आणि वैद्याचे कर्तव्य

जबड्यावर कठीण सूज घेऊन रुग्ण चिकित्सालयात येतो, तेव्हा ती बहुधा बरीच जुनी असते. वेदना नाही, ज्वर नाही, पाक नाही. दात हलू लागला किंवा चेहरा एका बाजूने वेगळा दिसू लागला, म्हणून तो आलेला असतो. शेक आणि घरगुती उपाय करून झालेले असतात. ‘एखादा लेप द्या,’ एवढीच त्याची अपेक्षा असते. या क्षणी वैद्य जो निर्णय घेतो, त्यावर त्या रुग्णाचा जबडा किती वाचणार हे पुष्कळदा अवलंबून असते.

शास्त्रीय विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुद हे गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे सांगितले आहे. अध्यस्थि आणि अधिदंत यांचा निर्देश अस्थिप्रदोषज विकारांत येतो. या संज्ञांची आधुनिक नावांशी एकास एक जुळणी करण्याचा मोह टाळावा. मात्र मंद वेदना आणि सावकाश वृद्धी हे अर्बुदाचे लक्षण आहे, ते निरुपद्रवी असल्याचा पुरावा नव्हे, हा बोध येथे स्पष्ट होतो.

निदान

टाळूच्या मध्यरेषेवर किंवा खालच्या जबड्याच्या आतील बाजूस आढळणारा अस्थिउंचवटा म्हणजे ‘टोरस’. कवळी बसविण्यास अडचण नसल्यास त्यास चिकित्सा लागत नाही. ‘ऑस्टिओमा’ एकाहून अधिक असतील, तर कौटुंबिक इतिहास विचारून मोठ्या आतड्याची तपासणी करवून घ्यावी. गार्डनर सिंड्रोममध्ये आतड्यातील पॉलिप पुढे कर्करोगात परिणत होतात. ‘फायब्रस डिस्प्लेशिया’ हा विकार बहुधा कोवळ्या वयात सुरू होतो व क्ष-किरण चित्रात घासलेल्या काचेसारखा दिसतो. जायंट सेल प्रकारची विकृती आढळल्यास रक्तातील कॅल्शियम व पॅराथायरॉइड हार्मोन पाहावे, कारण मूळ दोष त्या ग्रंथीत असू शकतो. ‘अमेलोब्लास्टोमा’ हा दंतजनक पेशींपासून उद्भवतो. खालच्या जबड्याच्या मागील भागात तो अधिक आढळतो आणि चित्रात अनेकदा साबणाच्या बुडबुड्यांसारखा दिसतो.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न यांनी आरंभ करावा. अस्थी फुगून पातळ झाली असल्यास दाबताना अंड्याच्या कवचासारखी करकर जाणवते. खालचा ओठ बधिर होणे, सूज वेगाने वाढणे, व्रण, मानेतील कठीण गाठ किंवा तंबाखूचे व्यसन असल्यास कर्करोगाची शंका घेऊन रुग्णास तत्काळ पुढे पाठवावे. सूज स्पंदन पावत असेल किंवा दातांभोवती वारंवार रक्त येत असेल, तर प्रतिमा-तपासणीपूर्वी दात काढू नये, छेदही घेऊ नये. अस्थीतील रक्तवाहिन्यांच्या विकृतीत रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. ओपीजी, आवश्यकतेनुसार सीटी स्कॅन आणि बायॉप्सी यांवाचून निश्चित निदान होत नाही.

चिकित्सा

फायब्रस डिस्प्लेशियाची वाढ किशोरवयानंतर बहुधा मंदावते. म्हणून शक्य असल्यास तोवर थांबून मग अस्थीला आकार दिला जातो. त्यास किरणोपचार वर्ज्य मानतात. अमेलोब्लास्टोमाची गोष्ट निराळी. केवळ खरवडून काढल्यास तो पुष्कळदा परत येतो, कधी अनेक वर्षांनीही; म्हणून सामान्यतः 1 ते 2 सेंटिमीटर निरोगी अस्थीसह तो काढतात आणि मोठी पोकळी पायातील फिब्युला अस्थीने भरून काढतात. सशेष राहिलेले अर्बुद पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, हा सुश्रुताचार्यांचा चिकित्सास्थानातील इशारा येथे शब्दशः लागू पडतो. 2014 मध्ये या अर्बुदातील बीआरएएफ जनुकातील बदल प्रसिद्ध झाल्यापासून निवडक रुग्णांत लक्ष्यवेधी औषधेही वापरली जातात. तथापि शस्त्रकर्म हीच मुख्य चिकित्सा होय.

वैद्याचे कर्तव्य

कांचनार गुग्गुळ किंवा लेप यांनी असे अर्बुद विरते, असा भरवसा देण्यास आधार नाही. त्या प्रतीक्षेतील सहा महिन्यांत जबड्याचा आणखी भाग गमावला जाऊ शकतो. निदानापूर्वी अग्निकर्म वा क्षारकर्म करू नये. शस्त्रकर्मानंतर मात्र वैद्यास मोठे क्षेत्र आहे: अग्नी जपणारा द्रवप्राय, पौष्टिक आहार, शल्यचिकित्सकाच्या संमतीने गंडूष, आणि रुग्णाचा धीर टिकविणे. रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याकडेच येत असतो. त्यामुळे दीर्घकाळ नियमित पुनर्तपासणीची आठवण देणे हेही आपलेच काम.

लेप मागणाऱ्या रुग्णाच्या हाती प्रथम ओपीजीची चिठ्ठी द्यावी. त्यात शास्त्राचा कमीपणा नाही. रोगपरीक्षा आधी आणि औषध नंतर, हाच आपल्या शास्त्राचा क्रम आहे.