विश्लेषण : आयात केलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा मालकी इतिहास कसा तपासायचा?

‘गाडी भिवंडीच्या गोदामात उभी आहे, फक्त दोन मालक, कागद क्लियर.’ फोटोसह असा मेसेज आला की किंमत बघून मोह होतोच. पण आयात केलेल्या गाडीचा इतिहास आरसी बुकापासून नव्हे, तर कारखान्यापासून सुरू होतो. मधला एक दुवा निसटला, तर पूर्ण पैसे मोजूनही गाडी हातची जाऊ शकते.

सचिनच्या फेरारीचे प्रकरण काय होते?

कसोटीत ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली. केंद्राने सीमाशुल्क माफ केल्यावर वाद झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर सुमारे १.१३ कोटींचे शुल्क फियाट कंपनीने भरले. २०११ मध्ये ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. भेट, शुल्क, विक्री असा प्रत्येक टप्पा उघड असलेली ही दुर्मीळ गाडी. बाकीच्यांचा इतिहास आपल्यालाच जुळवावा लागतो.

सुरुवात कुठून करायची?

चॅसिस क्रमांकापासून. हा १७ अक्षर-अंकी क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात: फेरारीसाठी ‘झेडएफएफ’, लॅम्बोर्गिनीसाठी ‘झेडएचडब्ल्यू’. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात नसतात. दिसली तर सावध व्हा. गाडीवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक स्वतः जुळवून पाहा.

गाडी देशात कशी आली?

विक्रेत्याकडे ‘बिल ऑफ एंट्री’ मागा. आयातदार, बंदर, तारीख आणि भरलेले शुल्क त्यात असते. जुनी गाडी आणण्याच्या अटी कडक आहेत: उत्पादनाला तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको, स्टीअरिंग उजवीकडे हवे आणि आयात मुंबई बंदरातूनच. गाडी ब्रिटनमधून आली असेल, तर तिथल्या जुन्या नंबरवरून वार्षिक तपासणीतील मायलेजच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर मोफत दिसतात. मालकांची नावे मात्र तिथे मिळत नाहीत.

भारतातील मालक कसे कळतील?

एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, आरटीओ, कितवा मालक, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. नाव अर्धवट झाकलेले असते. भिवंडीतील गाड्या ठाणे आरटीओत, म्हणजे एमएच-०४ मालिकेत येतात. नंबर परराज्यातील असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) हवी. मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, कर्ज फिटल्याचा पुरावा म्हणून फॉर्म ३५ लागतो.

फसवणूक कुठे होते?

२०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत एक टोळी पकडली. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या शुल्कमाफीचा गैरफायदा घेऊन, त्यांच्या नावावर आलिशान गाड्या आणून त्या इतरांना विकल्या जात होत्या. अशी गाडी आरटीओत रीतसर नोंदलेली असू शकते. म्हणून केवळ आरसी पुरेसे नाही.

खरेदीदाराला धोका कोणता?

शुल्क चुकवलेले असेल, तर जप्ती गाडीवर येते, मग ती कोणाच्याही दारात उभी असो. ‘मला माहीत नव्हते’ म्हणून ती आपोआप सुटत नाही. त्यामुळे टोकन देण्याआधी बिल ऑफ एंट्री आणि चॅसिस क्रमांक सीमाशुल्काचे काम करणाऱ्या एजंटकडून पडताळून घ्या. विक्रेता कागद ‘नंतर देतो’ म्हणाला, तर गाडीही नंतरच बघा.